संघ मोडून पुन्हा बांधतात म्हणजे काय? ह्यूस्टन ॲस्ट्रोजच्या निमित्ताने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ह्यूस्टनला येणारा पाहुणा आधी नासा बघतो आणि हंगाम चालू असेल तर ॲस्ट्रोजच्या बेसबॉल सामन्यालाही जातो. चार इनिंग होईपर्यंत नियम थोडेफार कळायला लागतात आणि मग प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. हा संघ दहा-बारा वर्षांपूर्वी अगदीच भिकार होता म्हणे, मग एवढा वर आला कसा? ड्राफ्ट म्हणजे लिलावच ना? मुद्दाम हरायचे हे खरं का? नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवली आहेत. बेसबॉलचे मूळ नियम थोडेफार माहीत आहेत असं धरून चाललो आहे.

‘रीबिल्ड’ म्हणजे नेमकं काय करतात?

ज्या संघाला आज जिंकता येत नाही आणि पुढच्या दोन वर्षांतही येईल असं दिसत नाही, तो संघ आजचा नाद सोडून देतो. तिशी ओलांडलेले, भरपूर पगार घेणारे खेळाडू इतर संघांना देऊन टाकायचे, बदल्यात त्यांची एकोणीस-वीस वर्षांची पोरं घ्यायची. पगाराचा खर्च खाली आणायचा. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवी पोरं पाळीपाळीने निवडण्याच्या वार्षिक कार्यक्रमात, वरचे नंबर मिळवायचे. मग ही पोरं मायनर लीगमध्ये (मेजर लीगच्या खालच्या, तयारीच्या संघांत) तयार होईपर्यंत चार-पाच वर्षं शिव्या खात बसायचं. जो बेत आखतो, त्याची नोकरी तोवर टिकते की नाही, हा वेगळा प्रश्न.

हरणाऱ्याला आधी निवडायला मिळतं? हा कुठला न्याय?

मेजर लीगचा ड्राफ्ट १९६५ मध्ये सुरू झाला. त्याआधी शाळा-कॉलेजातला चांगला मुलगा ज्याची थैली मोठी त्याच्याकडे जायचा आणि न्यूयॉर्क यांकीजसारखे श्रीमंत संघ वर्षानुवर्षं जिंकत राहायचे. बोनसवरची उधळपट्टी थांबवावी आणि कमकुवत संघाला थोडा टेकू द्यावा, या दोन हेतूंनी ड्राफ्ट आला. मागच्या हंगामात जो सगळ्यांत जास्त हरला, तो पहिला निवडणार. पहिल्या ड्राफ्टमध्ये पहिला मान कॅन्सस सिटी ॲथलेटिक्सला मिळाला आणि त्यांनी रिक मंडेला घेतलं.

टेकू देण्यासाठी केलेला नियम पुढे काही संघांनी शिडी म्हणून वापरला. ॲस्ट्रोजची गोष्ट तिथूनच सुरू होते.

ड्राफ्ट आयपीएलच्या लिलावासारखाच असतो का?

नाही. लिलावात बोली लागते आणि खेळाडू आधीच तयार असतो. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. आपली पाळी आली की एक नाव घ्यायचं. त्यानंतर त्या मुलाशी बोलणी करण्याचा हक्क फक्त आपल्याला. मुलगा सही करेलच असं नाही. बारावी झालेला मुलगा ‘मी कॉलेजला जातो’ म्हणून सरळ निघून जाऊ शकतो, आणि पुष्कळ जण जातातही.

सध्या हा ड्राफ्ट जुलैमध्ये होतो आणि त्यात २० फेऱ्या असतात. पूर्वी ४० असायच्या, त्याच्याही आधी तर निवडायला नावं सुचेनाशी होईपर्यंत चालायचा. माइक पियाझा १९८८ मध्ये ६२व्या फेरीत, १,३९० व्या नंबरवर निवडला गेला आणि आज तो हॉल ऑफ फेममध्ये आहे.

पैशाची गंमत २०१२ पासून सुरू झाली. वरच्या फेऱ्यांतल्या प्रत्येक नंबरला लीगने एक ठरावीक किंमत लावली आहे. त्या किमतींची बेरीज म्हणजे त्या संघाचं वर्षाचं बोनसचं बजेट. बजेटच्या वर पाच टक्क्यांहून जास्त गेलात तर पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची निवड जप्त. पण एका मुलाला त्याच्या किमतीपेक्षा कमी देऊन उरलेले पैसे दुसऱ्याला द्यायला मनाई नाही. हुशार संघ नेमकं इथेच डोकं चालवतात. त्याचं उदाहरण पुढे कोरेयाच्या निमित्ताने येईल.

या संघांत इतके खेळाडू व्हेनेझुएला आणि डॉमिनिकन रिपब्लिकचे असतात. तेही ड्राफ्टमधूनच येतात का?

नाही. ड्राफ्ट अमेरिका, कॅनडा आणि प्वेर्तो रिकोपुरता आहे. बाकीच्या देशांतली मुलं सोळा वर्षांची झाली की कुठल्याही संघाशी करार करू शकतात. त्यासाठीची मुदत दरवर्षी १५ जानेवारीला उघडते. सगळ्या संघांच्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये स्वतःच्या अकादम्या आहेत. राहणं, जेवण, शाळा, इंग्रजी, सगळं तिथेच. मोठा बोनस घेणारा एखादा मुलगा सोडला, तर बाकीचे किरकोळ पैशांत येतात. बेसबॉलमधले काही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत किफायतशीर सौदे या वाटेने झाले आहेत.

होसे अल्तूवे त्यातलाच. व्हेनेझुएलातल्या माराकाय गावात ॲस्ट्रोजने चाचणी ठेवली होती. पाच फूट सहा इंचांच्या या मुलाला बुटका म्हणून पहिल्याच दिवशी घरी पाठवलं. वडील म्हणाले, उद्या पुन्हा जा. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा जाऊन उभा राहिला. २००७ मध्ये १५ हजार डॉलरवर करार झाला. दहा वर्षांनी तोच अमेरिकन लीगचा (मेजर लीगचे दोन भाग आहेत, अमेरिकन आणि नॅशनल) सर्वोत्तम खेळाडू ठरला.

ॲस्ट्रोज नक्की किती हरले?

मेजर लीगच्या हंगामात १६२ सामने असतात. शंभर पराभव म्हणजे नामुष्कीची खूण. ॲस्ट्रोजने २०११ मध्ये १०६, २०१२ मध्ये १०७ आणि २०१३ मध्ये १११ सामने गमावले. २०१३ चा हंगाम तर सलग १५ पराभवांनी संपला.

त्याच सप्टेंबरातल्या एका रविवारी ह्यूस्टनमध्ये त्यांच्या सामन्याचं टीव्ही रेटिंग ०.० आलं. म्हणजे पाहणी करणाऱ्या कंपनीने ज्या घरांत यंत्रं बसवली होती, त्यांतल्या एकाही घराने सामना लावला नाही. थोडा न्याय करायचा तर त्याच दिवशी अमेरिकन फुटबॉलच्या टेक्सन्सचा सामना होता आणि ॲस्ट्रोज दाखवणारं चॅनेल केबलच्या भांडणामुळे शहरातल्या निम्म्याहून जास्त घरांत दिसतच नव्हतं. तरी शून्य ते शून्यच.

हे सगळं मुद्दाम केलं का?

मालक आणि व्यवस्थापनाच्या पातळीवर, हो. जिम क्रेन यांनी २०११ च्या अखेरीस संघ विकत घेतला आणि सेंट लुईस कार्डिनल्समधून जेफ लूनो यांना जनरल मॅनेजर म्हणून आणलं. लूनो इंजिनीअर, नंतर एमबीए, मग मॅकिन्झीत सल्लागार. बेसबॉलमध्ये ते बऱ्यापैकी उशिरा आले. सोबत त्यांनी सिग मेजडाल यांना घेतलं, जे पूर्वी नासासाठी काम केलेले इंजिनीअर. त्यांना पद दिलं ‘निर्णयशास्त्राचे संचालक’. जुन्या स्काऊट मंडळींनी (गावोगावी फिरून खेळाडू हेरणाऱ्यांनी) या पदाची यथेच्छ टिंगल केली.

या मंडळींचं म्हणणं साधं होतं. ७५ सामने जिंकून काही हाती लागत नाही. प्लेऑफही (हंगामानंतरची बाद फेरी) नाही आणि वरची निवडही नाही. मग ५५ जिंकले तर बिघडलं काय? पगाराचं बिल त्यांनी लीगमध्ये सगळ्यांत खाली नेलं.

म्हणजे खेळाडूही मुद्दाम खराब खेळायचे?

छे. मैदानात उतरलेला प्रत्येक जण आपली जागा टिकवण्यासाठी जीव तोडून खेळतो. तसे खेळाडू निवडले की काम होतं. कोणाला हरायला सांगावं लागत नाही.

मग पहिल्या नंबरने काय दिलं?

ॲस्ट्रोजला २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं पहिली निवड मिळाली. ती तीन नावं एकामागोमाग बघितली की ‘हरा आणि तारे गोळा करा’ या समजुतीला तडा जातो.

२०१२: कार्लोस कोरेया, प्वेर्तो रिकोचा सतरा वर्षांचा शॉर्टस्टॉप. त्याला पहिल्या नंबरवर घेतील असं फार थोड्यांनी धरलं होतं. त्या नंबरची किंमत होती ७२ लाख डॉलर. कोरेया ४८ लाखांत तयार झाला. उरलेले पैसे वापरून ॲस्ट्रोजने ४१व्या नंबरवर लान्स मकलर्स या पिचरला २५ लाख दिले. एवढे पैसे त्या नंबरवर कोणी देत नसे, म्हणूनच तो तिथपर्यंत घसरला होता. एका निवडीच्या पैशांत दोन मोहरे. दोघेही पुढे विजेत्या संघात होते. हा डाव मला आजही त्यांचा सगळ्यांत सुंदर डाव वाटतो.

२०१३: मार्क अपेल, स्टॅनफर्डचा पिचर, जवळजवळ सगळ्यांच्या यादीत वर असलेला. बोनस ६३ लाख ५० हजार. मायनर लीगमध्ये त्याची धुलाई झाली, मग दुखापती. २०१५ च्या डिसेंबरात त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. २०१८ मध्ये त्याने खेळ सोडला, तीन वर्षांनी परत आला आणि २०२२ मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी फिलाडेल्फियाकडून पहिल्यांदा मेजर लीगमध्ये उतरला. मेजर लीगमध्ये एकूण सहा सामने. अपेलनंतर लगेच दुसऱ्या नंबरवर शिकागो कब्जने क्रिस ब्रायंटला घेतलं होतं. तीन वर्षांनी ब्रायंट नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला आणि कब्ज १९०८ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची शेवटची मालिका, जिंकले.

२०१४: ब्रेडी एकन, कॅलिफोर्नियाचा डावखुरा पिचर. ६५ लाखांवर तोंडी बोलणी झाली. सहीच्या आधीच्या वैद्यकीय तपासणीत ॲस्ट्रोजच्या डॉक्टरांना कोपरातल्या अस्थिबंधात खोट दिसली. संघाने आकडा खाली आणला, मग शेवटच्या मिनिटांना ५० लाखांपर्यंत वर नेला. एकनची बाजू बधली नाही. मुदत संपली, सही झालीच नाही. यात जेकब निक्स नावाचा दुसरा मुलगा विनाकारण भरडला गेला. एकनचे वाचलेले पैसे त्याला मिळायचे होते, पण एकननेच सही न केल्यामुळे बजेट आकसलं आणि निक्सशी ठरलेला सौदाही बारगळला. तेव्हा ॲस्ट्रोजला सगळीकडून शिव्या बसल्या आणि निक्सच्या बाबतीत तरी त्या रास्तच होत्या.

पुढच्याच वसंतात एकनचं कोपर गेलं आणि शस्त्रक्रिया करावी लागली. मेजर लीगपर्यंत तो पोचलाच नाही. आणि सही न झाल्याची भरपाई म्हणून ॲस्ट्रोजला २०१५ मध्ये दुसऱ्या नंबरची निवड मिळाली. ती त्यांनी ॲलेक्स ब्रेगमनवर लावली.

तिनांतला एक तारा, एक फसलेला, एक हातातून गेलेला. तोही गेला तेच बरं झालं.

पहिला नंबर इतका बेभरवशाचा असतो?

बेसबॉलमध्ये, हो. अठरा वर्षांच्या पोराचं शरीर कसं भरेल, ताशी ९५ मैलांच्या वेगाने आलेला वळणारा चेंडू त्याला दिसेल का, खांदा टिकेल का, हे स्काऊटने कितीही डोळे फोडून बघितलं तरी कळत नाही. १९६६ मध्ये न्यूयॉर्क मेट्सने पहिल्या नंबरवर स्टीव्ह चिलकॉटला घेतलं. तो मेजरमध्ये एकही सामना खेळला नाही. दुसऱ्या नंबरवर रेजी जॅक्सन गेला. १९९१ चा पहिला, ब्रायन टेलर, मारामारीत खांदा मोडून घेऊन संपला. उलट माइक ट्राउट २५ व्या नंबरवर आणि अल्बर्ट पुहोल्स १३ व्या फेरीत मिळाला.

मग २०१७ चा विजेता संघ आला कुठून?

माझं मत स्पष्ट आहे: हरण्याचं श्रेय जितकं दिलं जातं तितकं त्याला नाही. २०१७ ची वर्ल्ड सिरीज ॲस्ट्रोजने लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्ध ४-३ अशी जिंकली. त्या मालिकेचा मानकरी जॉर्ज स्प्रिंगर हा २०११ च्या ड्राफ्टमधला अकरावा नंबर, म्हणजे लूनो यायच्या आधीचा. अल्तूवे त्याच्याही आधीचा. पिचर डॅलस कायकल २००९ चा, सातव्या फेरीतला. म्हणजे कणा आधीच्याच व्यवस्थापनाने मिळवून ठेवलेला होता. कोरेया, मकलर्स, ब्रेगमन ही मोडतोडीच्या काळातली कमाई. आणि सरतेशेवटी ३१ ऑगस्ट २०१७ च्या मध्यरात्री, अदलाबदलीची मुदत संपायला काही क्षण उरले असताना, डेट्रॉइटकडून जस्टिन वरलँडर आणला. त्यासाठी मायनरमधली तीन पोरं द्यावी लागली. पोरं साठवायची ती कधीतरी अशी खर्च करण्यासाठीसुद्धा.

मायनर लीग म्हणजे नक्की काय असतं?

प्रत्येक मेजर संघाखाली चार पायऱ्यांचे चार संघ असतात: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. त्याखाली नवख्यांसाठी सराव केंद्रावर खेळवले जाणारे सामने. २०२१ मध्ये फेररचना होऊन असे १२० संघ उरले; त्याआधी सुमारे १६० होते आणि कित्येक छोट्या गावांनी तेव्हा आपला संघ गमावला.

ॲस्ट्रोजचा ट्रिपल-ए संघ ह्यूस्टनच्या शेजारी शुगर लँडमध्ये खेळतो. आपल्या लोकांची मोठी वस्ती असलेलं हेच ते शुगर लँड. ट्रिपल-एचं तिकीट मेजरच्या मानाने पुष्कळ स्वस्त पडतं. आज शुगर लँडला पिचिंग करणारा पोरगा परवा डाउनटाउनमध्ये चाळीस हजार लोकांसमोर उभा असू शकतो. उलटही होतं. दुखापतीतून सावरणारा मोठा खेळाडू दोन दिवस इथे खेळून जातो.

खेळाडूंचे हाल मात्र वर्षानुवर्षं वाईट होते. रात्र-रात्र बसचा प्रवास, एका फ्लॅटमध्ये पाच-सहा जण, हिवाळ्यात दुसरी नोकरी. २०२२ मध्ये त्यांची संघटना झाली आणि २०२३ च्या करारात ट्रिपल-एचा किमान वार्षिक पगार ३५,८०० डॉलर ठरला. त्याच वर्षी मेजरमधला किमान पगार होता ७,२०,०००. एका पायरीचं अंतर एवढं.

तिथे शिकवतात तरी काय? खेळाडू मुळात चांगला असतोच ना?

संघ उभा राहतो की पडतो ते इथे ठरतं, म्हणून जरा सविस्तर.

पूर्वी मायनरमधला प्रशिक्षक म्हणजे निवृत्त खेळाडू. तो डोळ्याने बघायचा आणि ‘कोपर वर घे’ म्हणायचा. आता प्रत्येक चेंडूचा वेग, तो मिनिटाला किती वेळा फिरतो, कुठल्या अक्षावर फिरतो, हे रडार मोजतं. सेकंदाला हजारो चित्रं टिपणारा कॅमेरा पिचरच्या बोटांवर लावतात. चेंडू हातातून सुटताना शेवटी कुठलं बोट शिवणीवर होतं, ते पडद्यावर स्वच्छ दिसतं. पकड केसभर सरकवायची, पुन्हा टाकायचा, पुन्हा आकडे बघायचे. ॲस्ट्रोजने हे इतरांपेक्षा लवकर आणि खालच्या पायऱ्यांपर्यंत नेलं.

चार्ली मॉर्टनचं उदाहरण घ्या. तिशी उलटलेला, सतत जखमी, बॅटरला जमिनीलगत चेंडू मारायला लावणारा साधा पिचर. २०१६ च्या अखेरीस ॲस्ट्रोजने त्याला घेतलं. त्यांचं म्हणणं असं की तुझा कर्व्हबॉल फार चांगला फिरतो, तो जास्त टाक; आणि जोर राखून ठेवू नकोस. पुढच्या वर्षी वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यातल्या शेवटच्या चार इनिंग त्याच मॉर्टनने टाकल्या.

आता याच संघाची चूक. जे. डी. मार्टिनेझ २००९ मध्ये त्यांनीच २०व्या फेरीत घेतलेला. २०१३-१४ च्या हिवाळ्यात त्याने स्वतःच बॅट फिरवण्याची पद्धत मुळापासून बदलली. ॲस्ट्रोजने जुने आकडे बघितले, नवीन स्विंगकडे नीट बघितलं नाही आणि मार्चमध्ये त्याला मोकळं केलं. त्याच वर्षी डेट्रॉइटकडून त्याने .३१५ च्या सरासरीने २३ होमरन मारले. २०१७ मध्ये ४५. आकड्यांवर पोसलेल्या संघाला आकडे बदलायच्या आधीचा बदल दिसला नाही.

या माहितीची किंमत किती? कार्डिनल्सचे अधिकारी आणि पुढे तिथेच स्काऊटिंग संचालक झालेले क्रिस कोरेया (कार्लोसशी काही नातं नाही) ॲस्ट्रोजच्या ‘ग्राउंड कंट्रोल’ नावाच्या डेटाबेसमध्ये चोरून शिरत होते. २०१६ मध्ये त्यांना ४६ महिन्यांची शिक्षा झाली. कार्डिनल्सला २० लाख डॉलर आणि ड्राफ्टच्या दोन निवडी ॲस्ट्रोजला द्याव्या लागल्या.

पोरगा तयार असूनही त्याला वर का आणत नाहीत?

कारण घड्याळ. मेजरमध्ये सहा वर्षं पुरी झाली की खेळाडू मोकळा होतो, कुठेही जाऊ शकतो. एक ‘वर्ष’ म्हणजे १७२ दिवस. २०१५ मध्ये कब्जने क्रिस ब्रायंटला सुरुवातीला खालीच ठेवलं आणि १७ एप्रिलला वर आणलं. हंगामाअखेर त्याचे भरले १७१ दिवस. एका दिवसाने वर्ष चुकलं आणि कब्जला तो वर्षभर जास्त मिळाला. ब्रायंटने तक्रार केली, लवादाने ती २०२० मध्ये फेटाळली. नियमात बसतं म्हणून योग्य ठरतं असं नाही, पण कब्जच्या जागी दुसरा कुठलाही संघ असता तरी त्याने तेच केलं असतं. २०२२ पासून यावर उतारा आणलाय. अव्वल पोराला सुरुवातीपासून खेळवलं आणि त्याने मोठं बक्षीस पटकावलं, तर संघाला ड्राफ्टची एक जादा निवड मिळू शकते.

‘रूल फाइव्ह’ म्हणजे काय?

चांगला खेळाडू मायनरमध्ये कायमचा कोंडून ठेवू नये म्हणूनचा नियम. ठरावीक वर्षं झाली आणि मेजर संघाच्या ४० जणांच्या यादीत नाव नसेल, तर डिसेंबरात दुसरा संघ एक लाख डॉलर भरून त्याला उचलू शकतो. मात्र मग पूर्ण हंगाम त्याला मेजरच्या संघात ठेवावं लागतं. रोबेर्तो क्लेमेंते १९५४ मध्ये असाच डॉजर्सकडून पिट्सबर्गला गेला. ॲस्ट्रोजचा मार्विन गोन्झालेझ याच वाटेने आला, आणि २०१७ च्या वर्ल्ड सिरीजमधल्या दुसऱ्या सामन्यात नवव्या इनिंगला बरोबरी साधणारा होमरन त्याचाच.

कचऱ्याच्या डब्याचं प्रकरण काय होतं? मग हे यश खरं की खोटं?

२०१७ मध्ये ॲस्ट्रोज कॅमेऱ्यातून समोरच्या कॅचरच्या खुणा बघत आणि डगआऊटजवळ कचऱ्याचा डबा बडवून आपल्या बॅटरला सांगत की पुढचा चेंडू कुठला. हे २०१९ च्या नोव्हेंबरात उघड झालं. जानेवारी २०२० मध्ये लीगने लूनो आणि मॅनेजर (मैदानावरचे मुख्य प्रशिक्षक) ए. जे. हिंच यांना वर्षभरासाठी निलंबित केलं आणि क्रेन यांनी दोघांना त्याच दिवशी काढलं. ५० लाख डॉलर दंड, शिवाय २०२० आणि २०२१ च्या पहिल्या दोन फेऱ्यांच्या निवडी जप्त.

२०१७ च्या चषकावरचा डाग पुसला जाणार नाही. ह्यूस्टनमध्ये हे बोलायची पंचाईत आहे, पण खरं ते खरं.

आमच्या विषयाच्या दृष्टीने मात्र पुढचं जास्त महत्त्वाचं. दोन वर्षं वरच्या निवडी नसताना ॲस्ट्रोज २०२२ मध्ये पुन्हा जिंकले. त्या संघातले पिचर फ्रॅम्बर वाल्देझ आणि क्रिस्तियान हाविएर हे दोघे २०१५ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधून प्रत्येकी १० हजार डॉलरांत आलेले. मालिकेचा मानकरी जेरेमी पेन्या तिसऱ्या फेरीतला. योर्दान अल्वारेझ तर २०१६ मध्ये जॉश फील्ड्स नावाच्या एका राखीव पिचरच्या बदल्यात डॉजर्सकडून मिळाला, तेव्हा त्या क्युबन मुलाने डॉजर्ससाठी एकही अधिकृत सामना खेळलेला नव्हता. यातलं कोणीही हरून मिळालेलं नाही.

इतर संघांना हे जमलं का?

काहींना. बाल्टिमोर ओरिओल्सने २०१८ मध्ये ११५ सामने गमावले आणि लूनोंचे सहकारी माइक इलायस यांना आणलं. मागोमाग मेजडालही गेले. ॲडली रचमन आणि जॅक्सन हॉलिडे हे पहिल्या नंबरवर मिळाले, गनर हेंडरसन दुसऱ्या फेरीत. २०२१ मध्ये ११० पराभव, २०२३ मध्ये १०१ विजय. सगळे म्हणाले, झालं, नवीन ह्यूस्टन. पण प्लेऑफमध्ये टेक्सस रेंजर्सने त्यांना ३-० ने घरी पाठवलं, पुढच्या वर्षीही पहिल्याच फेरीत गेले आणि २०२५ मध्ये ७५ विजयांसह गटात तळाला. बॅटर भरपूर पिकवले, पिचर पिकवले नाहीत, आणि हाती पोरं असताना ती वेळेवर मोडून पिचर विकतही पुरेसे घेतले नाहीत.

पिट्सबर्ग पायरेट्स १९९३ ते २०१२ अशी सलग २० वर्षं निम्म्याहून जास्त सामने हरले. इतकी वर्षं वरचे नंबर मिळूनही.

आताही मुद्दाम हरून फायदा होतो का?

पूर्वीइतका नाही. २०२३ च्या ड्राफ्टपासून पहिल्या सहा नंबरांसाठी चिठ्ठ्या काढतात. तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या नंबरची सारखीच, १६.५ टक्के संधी. शिवाय तेच ते संघ वर्षानुवर्षं चिठ्ठीत बसू शकत नाहीत. शिकागो व्हाइट सॉक्सने २०२४ मध्ये १२१ सामने गमावले, आधुनिक काळातला विक्रम. त्यांना २०२५ मध्ये मिळाला दहावा नंबर.

न हरता संघ बांधता येतो का?

डॉजर्सकडे बघा. ते २०१३ पासून दरवर्षी प्लेऑफमध्ये आहेत, म्हणजे पाळी नेहमी शेवटी. तरी कोरी सीगर १८ वा, वॉकर ब्युलर २४ वा, विल स्मिथ ३२ वा, कोडी बेलिंजर चौथ्या फेरीत. २०२० च्या विजेत्या संघात हे चौघेही होते. ‘त्यांच्याकडे पैसा आहे’ हे उत्तर अर्धंच. पैसा त्यांनी प्रशिक्षक, कॅमेरे आणि खालच्या पायऱ्यांवरही ओतला.

एखादा भारतीय मुलगा या वाटेने गेलाय का?

उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग (क्रिकेटपटू रिंकू सिंग वेगळा) आणि दिनेश पटेल. दोघे भालाफेक करणारे. वेगाने चेंडू टाकण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतून ते पुढे आले आणि २००८ मध्ये पिट्सबर्गने दोघांशी करार केला. रिंकू सिंगल-एपर्यंत पोचला, पुढे दुखापतींनी घात केला. नंतर तो कुस्तीच्या शोमध्ये गेला. लहानपणापासून बेसबॉल खेळलेल्या पोरांनाही चार पायऱ्या चढता चढता घाम फुटतो. हे दोघे तर विशीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा चेंडू हातात घेऊन आले होते. तेवढ्या अवधीत ते जिथवर गेले, तेही थोडं नाही.

एकदा बांधलेला संघ किती वर्षं टिकतो?

ॲस्ट्रोज २०१७ ते २०२३ सलग सात वर्षं अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत पोचले. पण सहा वर्षांच्या घड्याळाने एकेकाला नेलं. स्प्रिंगर टोरांटोला, कोरेया मिनेसोटाला, ब्रेगमन बॉस्टनला. काइल टकरचा करार संपायला वर्ष उरलं असताना त्याला कब्जला दिलं. मधल्या काळात विजयांमुळे पाळी शेवटी, दोन वर्षांच्या निवडी जप्त, आणि चषकांसाठी पोरं खर्च केलेली. त्यामुळे जाणकारांच्या याद्यांत त्यांची मायनरची फळी आता तळाकडे असते. २०२५ मध्ये ८७ सामने जिंकूनही प्लेऑफ हुकला, २०१६ नंतर पहिल्यांदाच. त्याच जुलैत त्यांनी कोरेयाला मिनेसोटाकडून परत आणलं. तोवर त्याने तिशी ओलांडलेली होती. शॉर्टस्टॉपची जागा आता पेन्याची, म्हणून तो तिसऱ्या बेसवर उभा राहिला.